सम्मून: बगदादचा शंकरपाळी पाव, मुळापासून भट्टीपर्यंत

बगदादमध्ये सम्मून सहसा कोणी घरी करत नाही. घरी होते ती खुब्ज, म्हणजे मातीच्या तन्नूरच्या आतल्या भिंतीला थापून भाजलेली पातळ रोटी. सम्मून हा पहिल्यापासून बेकरीचा माल. गल्लीच्या तोंडाशी ‘फिरिन’ असतो. ही दगडी किंवा विटांच्या तळाची पावभट्टी. तिथे सकाळ-संध्याकाळ गर्दी होते आणि हजार दिनारांची नोट पुढे केली की ठरलेल्या नगांचे गरम पाव पिशवीत पडतात. घरी पोचेपर्यंत एखाद्याचं टोक तोडून खाल्लेलं असतंच.

हे आधी सांगायचं कारण असं की घरी केलेला सम्मून पिठामुळे क्वचितच बिघडतो. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, थोडी साखर, थोडं तेल, एवढंच तर त्यात असतं. बिघडतो तो भट्टीचा तळ पुरेसा तापलेला नसल्यामुळे आणि आकार चुकीच्या वेळी दिल्यामुळे. म्हणून या लेखात पिठाचं प्रमाण थोडक्यात आहे, आणि आकार व आच यांवर जरा जास्त वेळ घालवला आहे.

नाव एकीकडचं, आकार दुसरीकडचा

दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये रुंद आणि फुगीर, शंकरपाळीसारखा पाव. वीतभर लांब, मधोमध चार बोटांहून थोडा जास्त रुंद. वरून सोनेरी, बरेचदा मधून उभी चीर गेलेली, आत पोकळी. टोकं कुरकुरीत आणि पोट मऊ. एकाच पावात असे दोन पोत असणं हीच त्याची खरी ओळख.

नाव आलं तुर्कीतल्या ‘सोमुन’वरून, आणि त्याच्या मागे पाव या अर्थाचा जुना ग्रीक शब्द आहे. उस्मानी तुर्कांनी १५३४ मध्ये बगदाद घेतलं. मध्ये काही वर्षं ते इराणच्या सफवी शाहांकडे गेलं, १६३८ मध्ये पुन्हा तुर्कांकडे आलं आणि मार्च १९१७ मध्ये ब्रिटिश फौज शहरात शिरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. एवढ्या काळात शहरी पावभट्टीचे शब्द तुर्की वळणाचे झाले तर नवल नाही.

पण नावाबरोबर आकार आला असं म्हणता येत नाही. तुर्कस्तानात सोमुन म्हणजे घुमटासारखा फुगलेला जाड पाव. बोस्नियातही उस्मानी राज्य होतं, आणि तिथल्या सारायेव्हो शहरात चेवापीबरोबर, म्हणजे भाजलेल्या खिम्याच्या लांबट कबाबांबरोबर, जो सोमुन देतात तो गोल आणि चपटा असतो. म्हणजे शब्द साम्राज्यभर फिरला आणि पाव गावोगावी वेगळा झाला. टोकदार झाला तो इराकात.

आणखी एक धागा लोकांना मोहात पाडतो, तो जॉर्जियाचा. तिथला ‘शोती’ हा पावही दोन्ही टोकांना निमुळता. त्यात अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८३१ पर्यंत तुर्की सुलतानाच्या नावाने बगदादचा कारभार चालवला तो जॉर्जियन वंशाच्या ममलूक, म्हणजे मुळात गुलाम म्हणून आणलेल्या, पाशांनी. गोष्ट छान जुळते. तरीही मी तिच्यावर फार भार टाकणार नाही. शोती तोनेच्या, म्हणजे खोल मातीच्या भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजतात, सम्मून भट्टीच्या तळावर आडवा भाजला जातो. भाजण्याची पद्धतच वेगळी असताना केवळ रूप सारखं दिसतं म्हणून नातं लावायचं कशाला?

माझ्या मते या आकाराचं उत्तर कारागिराच्या हातात आहे. फुगलेला मऊ गोळा फळीवरून उचलताना दोन्ही हातांनी धरला आणि लांबीला ओढला की टोकं आपोआप निमुळती होतात, मधला भाग जाड राहतो. साचा लागत नाही, लाटणं लागत नाही, आणि सरावलेल्या हाताला एका पावाला दोन-तीन सेकंदही पुरतात. शिवाय असे तिरके पाव भट्टीत एकमेकांच्या खोबणीत बसतात, त्यामुळे तळावरची जागा वाया जात नाही. शेकडो पाव काढणाऱ्या भट्टीला हा हिशेब महत्त्वाचा.

रोटी-पावाची परंपरा अर्थातच उस्मानी काळाच्या कितीतरी मागे जाते. तन्नूर हा शब्द अक्कदी भाषेतल्या ‘तिनुरू’पर्यंत पोचतो, आणि आपल्या हॉटेलातला तंदूरही त्याच घराण्यातला. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे प्राचीन इराकातल्या, मातीच्या पाट्यांवर पावांच्या नावांच्या लांबलचक याद्या कोरलेल्या सापडल्या आहेत: जाड, पातळ, तेल घातलेले, फळं घातलेले. सम्मून या परंपरेतला तसा धाकटाच म्हणायचा.

आजच्या इराकात दोन प्रकार ऐकू येतात. ‘सम्मून हजरी’ म्हणजे दगडावरचा, टोकदार. ‘सम्मून कहरबाई’ म्हणजे विजेच्या भट्टीतला, बहुधा लांबट, हलका आणि एकसारखा. हॉटेलवाले सँडविचसाठी दुसरा वापरतात, पण घरी जेवायला पहिलाच हवा, यावर फारसा वाद होत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले आणि देशभर रेशन सुरू झालं. त्या दशकात रेशनच्या पिठात कोंडा आणि इतर धान्यं मिसळलेली असत, त्यामुळे पाव काळपट आणि जड होई. आजही पांढऱ्या, बारीक पिठाला तिथे ‘शून्य नंबर’ म्हणतात आणि भट्टीवाले त्याच्यासाठी जास्त पैसे मोजतात. पांढऱ्या सम्मूनचं तिथल्या माणसाला इतकं अप्रूप का, ते यावरून कळेल. त्याला ‘थोडी कणीक घाला, पौष्टिक होईल’ हा सल्ला फारसा रुचणार नाही.

सामान

आठ सम्मूनसाठी:

मैदा ५०० ग्रॅम
पाणी ३२५ ते ३३५ मिली
इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम (उन्हाळ्यात ३ ग्रॅम)
मीठ ९ ग्रॅम
साखर १० ग्रॅम
तेल १५ ग्रॅम
वरून भुरभुरायला गव्हाचा बारीक कोंडा किंवा रवा

वाटीचं माप देत नाही, कारण दाबून भरलेली आणि सैल भरलेली वाटी यांत सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो आणि तेवढ्यात पीठ सैल किंवा घट्ट होतं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरे.

मैदा घेताना पाकिटामागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं ११ ग्रॅमच्या आसपास असतील तर उत्तम. ९ ग्रॅमचा मैदा नानकटाईला चांगला, पण सम्मून ओढताना फाटेल. कणीक घालायचीच असेल तर शंभर ग्रॅमपर्यंत घाला आणि पाणी दोन-तीन चमचे वाढवा. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते आणि तिच्यातला कोंडा पिठाचा ताण तोडतो. पाव चवीला छान होतो, आतली पोकळी मात्र लहान होते.

साखर गोडीसाठी नाही, रंगासाठी आहे. भट्टीची आच घरच्या ओव्हनमध्ये मिळत नाही, ती कसर थोडी साखर भरून काढते.

मळणं

मैदा आणि पाणी आधी नुसतं एकत्र करा, कोरडं पीठ दिसायचं थांबलं की झाकून वीस मिनिटं ठेवा. या वेळात पिठाचा ताण अर्धाअधिक आपोआप तयार होतो. मग यीस्ट, साखर, शेवटी मीठ आणि तेल घालून मळायला घ्या.

पीठ पोळीच्या कणकेपेक्षा स्पष्टपणे सैल असेल आणि पहिली पाच मिनिटं हाताला चिकटेल. इथे वरून पीठ घालण्याचा मोह आवरा. ओट्यावर घ्या, तळहाताने पुढे रेटा, दुमडा, पाव फेरा वळवा, पुन्हा रेटा. दहा-बारा मिनिटांत ते गुळगुळीत होतं. लिंबाएवढा तुकडा घेऊन चारी बाजूंनी हळूहळू ताणा. न फाटता पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला की थांबा. मळायच्या मशीनमध्ये मंद गतीवर सात-आठ मिनिटं लागतात.

पाण्याच्या तापमानाकडे आपल्याकडे कोणी बघत नाही. परदेशी पाककृतीत लिहिलेलं ‘कोमट पाणी’ मे महिन्यात नागपुरात वापरलं तर पीठ अर्ध्या तासात आंबून आंबट होईल. मळून झालेलं पीठ २५ ते २७ अंशांवर असावं. उन्हाळ्यात फ्रिजचं पाणी घ्या. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल असं घ्या. मुंबईत बाराही महिने साधं माठाचं पाणी चालतं.

चव अजून खोल हवी असेल तर आदल्या दिवशीच्या पिठाचा दीडशे ग्रॅमचा गोळा फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि आजच्या मळणीत घाला. यीस्ट मग निम्मं करा. यात वजन वाढतं, तेव्हा पाव नऊ होतील.

पहिलं फुगणं आणि गोळे

तेलाचा हात लावलेल्या पातेल्यात पीठ ठेवा, झाका. दुप्पट व्हायला हवामानाप्रमाणे पाऊण ते दीड तास लागतो. घड्याळाकडे कमी आणि पिठाकडे जास्त बघा. ओलं बोट खुपसल्यावर खळगा तसाच राहिला की झालं.

ओट्यावर उलटा, हलकेच दाबून मोठे बुडबुडे काढा आणि आठ भाग करा. प्रत्येक भाग १०५ ते ११० ग्रॅमचा. कडा खाली दुमडत घट्ट गोळा वळा आणि ओल्या, पिळलेल्या फडक्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. ही पंधरा मिनिटं कापू नका. गोळा वळताना ताठरलेलं पीठ एवढ्यात सैलावतं. घाई केली की पुढे टोकं ओढल्यावर ती रबरासारखी परत आत जातात.

आकार

इथे दोन टप्पे आहेत, आणि दोन्हींच्या मधली विश्रांती हीच सगळी गंमत आहे. बऱ्याच पाककृती गोळ्याला थेट टोकदार आकार देऊन फुगायला ठेवायला सांगतात. तसं केलं तर फुगता फुगता टोकं बोथट होतात आणि पाव लंबगोल होऊन बसतो. भट्टीवाला ओढतो तो अगदी शेवटी, फळीवर टाकायच्या क्षणी.

पहिला टप्पा असा: गोळ्यावर बोटांच्या पेरांनी दाबत चौदा-पंधरा सेंटीमीटर लांब आणि दीड सेंटीमीटर जाड लंबगोल करा. लाटणं वापरू नका, त्याने हवा एका बाजूला ढकलली जाते आणि पोकळी वाकडी येते. जाड सुती कापडावर कोंडा भुरभुरून हे लंबगोल त्यावर ठेवा, दोन लंबगोलांमध्ये कापडाची चुणी घाला म्हणजे ते एकमेकांना चिकटणार नाहीत. झाकून पंचवीस-तीस मिनिटं. ते फुगलेले दिसायला हवेत, पण बोटाने दाबलं तर हळूहळू वर यायला हवेत. दाबलेला खळगा तसाच राहिला तर वेळ जास्त झाला.

दुसरा टप्पा ओव्हन पूर्ण तापल्यावरच. लंबगोल दोन्ही हातांत घ्या, अंगठे वर, बोटं खाली. दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि बाजूला ओढा. एका झटक्यात नको, पण रेंगाळूही नका. चौदा सेंटीमीटरचा पाव वीस-बावीसचा होईल. मधला भाग हाताळू नका, तिथेच हवा साठलेली आहे. टोकं जरा दाबून चपटी करा. दोन्ही बाजूंच्या कडा मधोमध किंचित बाहेर खेचल्या की शंकरपाळीचे चार कोन दिसू लागतात. पहिले दोन वेडेवाकडे होतील आणि चवीला तितकेच चांगले लागतील.

आता चीर. नवं ब्लेड किंवा अगदी धारदार सुरी घ्या आणि मधोमध उभी, तीन-चार मिलीमीटर खोल चीर द्या. दोन्ही टोकांपासून तीनेक सेंटीमीटर अलीकडे थांबा. ती खोल गेली तर वाफ तिथूनच निसटते आणि आत पोकळी धरत नाही. चीर दिलीच नाही तर पाव जिथे कमकुवत असेल तिथे, बहुधा कडेला फाटतो. काही जण ब्लेडऐवजी पातळ पट्टीची कड दाबून नुसती खूण करतात. त्यानेही चालतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला तेच सोपं.

आच

भट्टीच्या तळाचा दगड धगधगीत तापलेला असतो. पीठ त्यावर पडलं की खालून आच थेट लागते, आतलं पाणी वेगाने वाफ होतं आणि वरची साल घट्ट व्हायच्या आत पोट फुगतं. सम्मूनची पोकळी या शर्यतीत तयार होते. थंड ट्रेमध्ये पाव ठेवून तो ट्रे ओव्हनमध्ये सरकवला तर ही शर्यत सुरूच होत नाही. खालची बाजू तापेपर्यंत वरची वाळून जाते. हाती येतो तो साधा बन.

म्हणून ओव्हनमध्ये दगडाची सोय करा. पिझ्झा स्टोन असेल तर उत्तम, नसेल तर बिडाचा जाड तवा उलटा ठेवा. तव्याला लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ असेल तर तो वापरू नका. ओटीजीच्या खालच्या रॉडच्या वरच्या पहिल्या खाचेत जाळी, जाळीवर तवा. दोन्ही रॉड चालू करून २५० अंशांवर पाऊण तास तापवा. ओटीजीचा दिवा दहा मिनिटांत विझतो, पण तेव्हा फक्त हवा तापलेली असते. बिडात उष्णता मुरायला वेळ लागतो.

वाफ हवी. ओव्हनमध्ये कडेला एक छोटी स्टीलची वाटी आधीपासून तापत ठेवा आणि पाव आत गेल्यावर लगेच तिच्यात अर्धी वाटी उकळतं पाणी ओता. हातात जाड मोजे हवेत, चेहरा बाजूला हवा. पाणी काचेच्या दारावर किंवा रॉडवर उडालं तर काच तडकू शकते, तेव्हा लांब नळीचं भांडं वापरा. हे जोखमीचं वाटत असेल तर पावांवर बाहेरच पाण्याचा बारीक फवारा मारा आणि मग आत सरकवा. परिणाम थोडा कमी मिळतो, पण मिळतो.

पाव आत सरकवायला कोंडा भुरभुरलेली लाकडी फळी घ्या, नाहीतर पातळ पुठ्ठ्यावर बेकिंग पेपर. ओढलेला सम्मून त्यावर ठेवा आणि झटक्याने तव्यावर सरकवा. घरच्या तव्यावर एका वेळी दोन-तीनच मावतात. बाकीचे लंबगोल तोवर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर शेवटच्या घाण्यापर्यंत ते जास्त फुगून बसतील. दोन घाण्यांमध्ये तवा सात-आठ मिनिटं पुन्हा तापू द्या.

नऊ ते बारा मिनिटं. पहिल्या चार मिनिटांत दार उघडू नका. चीर उमलून आत फिकट रेघ दिसेल, टोकं आधी तांबूस होतील, मग पोट. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की काढा. तारेच्या जाळीवर दहा मिनिटं ठेवा. साल मऊ आवडत असेल तर जाळीवरच सुती फडकं झाका. कुरकुरीत हवी असेल तर उघडाच राहू द्या.

ओव्हन नसेल तर गॅसवरही एक रीत जमते. कोकणात धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवत, तेच तत्त्व. खाली बिडाचा तवा मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, सम्मून ठेवा, वर खोल झाकण ठेवा आणि झाकणावर दुसऱ्या शेगडीवर लाल तापवलेला लोखंडी तवा. पाच-सहा मिनिटांनी पाव उलटा. रंग ठिपक्याठिपक्यांचा येईल आणि फुगवटा निम्माच. तरी गरम गरम खायला तो बाजारच्या पावापेक्षा सरस लागतो.

बिघडलं तर

पोकळी आली नाही: बहुतेक वेळा तवा कमी तापलेला असतो. तसं नसेल तर चीर खोल गेली किंवा ओढताना मधला भाग दाबला गेला.

टोकं जळली आणि पोट पांढरं राहिलं: टोकं फार पातळ ओढली गेली, किंवा जाळी वरच्या रॉडच्या फार जवळ आहे. जाळी एक खाच खाली घ्या. तेवढ्यानेही भागलं नाही तर टोकं चिमटताना जाडी अर्ध्या सेंटीमीटरच्या खाली जाऊ देऊ नका.

पाव खालून करपला, वरून फिका: फक्त खालचा रॉड चालू आहे का ते पाहा. स्वस्त ओटीजीत हा खटका अर्धवट फिरलेला असतो.

पीठ ओढताना फाटलं: मैदा कमकुवत, मळणी अपुरी, किंवा फुगणं जास्त झालं. तिसरं कारण असेल तर त्याच पिठाला पुन्हा गोळा करून वीस मिनिटांनी परत लंबगोल करता येतो. चव बिघडत नाही.

आंबूस वास आणि चिकट आतला भाग: उन्हाळ्यात यीस्ट कमी केलं नव्हतं, किंवा पाव गरम असतानाच पिशवीत बांधला.

कशाबरोबर

इराकी न्याहारीतला राजा म्हणजे गेमर, म्हशीच्या दुधाची जाड, थरांची साय. दक्षिणेकडच्या दलदलीच्या प्रदेशातल्या म्हैसपाळांचा गेमर नावाजलेला. गरम सम्मून उभा उघडायचा, आत गेमर, वर ‘दिबिस’ म्हणजे खजुराचा काकवीसारखा दाट रस. आपल्याकडे म्हशीच्या दुधाची दोन-तीन दिवसांची साय एकावर एक ठेवून घट्ट करा. दिबिससाठी पाव किलो मऊ खजूर बिया काढून अर्धा लिटर गरम पाण्यात तासभर भिजवा, कुस्करून मलमलीतून घट्ट पिळा आणि तो रस मंद आचेवर चमच्याला चिकटेपर्यंत आटवा. सोबत लहान कंबरदार ‘इस्तिकान’ पेल्यात बिनदुधाचा गोड चहा.

दुसरी जोडी मराठी वाचकाच्या खास जवळची आहे. फलाफल किंवा तळलेलं वांगं आणि उकडलेलं अंडं सम्मूनमध्ये भरतात आणि वरून पिवळंधमक, पातळ, आंबट-खारट ‘अंबा’ ओततात. हे कैरीचं लोणचं बगदादी यहुदी व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईहून बसरा-बगदादला गेलं, आणि जाताना ‘आंबा’ हे नावही घेऊन गेलं. अशा व्यापाऱ्यांपैकी डेव्हिड ससून वर सांगितलेल्या ममलूक पाशांपैकी शेवटच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून बगदाद सोडून निघाले आणि १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोचले. पुण्यातलं ससून हॉस्पिटल आणि १८६७ चं लाल देऊळ (हे यहुदींचं प्रार्थनास्थळ) ही त्यांच्याच घराण्याची आठवण. अशा कुटुंबांचा व्यापार मुंबई आणि बसरा या दोन्ही बंदरांत चाले. पुढे १९५०-५१ मध्ये इराकी यहुदी मोठ्या संख्येने इस्रायलला गेले तेव्हा वांगं-अंडं-अंबा हा न्याहारीचा मेळही सोबत गेला. तिथे तो पिटा ब्रेडमध्ये भरून ‘सबिख’ म्हणून विकतात.

घरी अंबा करताना आपलं तेलकट लोणचं डोक्यातून काढून टाका. अर्धा किलो कैरीच्या साली काढून बारीक फोडी करा, तीन चमचे मीठ लावून बरणीत दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. मग सुटलेल्या पाण्यासकट पातेल्यात घ्या, एक वाटी पाणी, दोन चमचे हळद, एक चमचा भाजलेल्या मेथीची पूड, एक चमचा मोहरीची पूड, अर्धा चमचा तिखट आणि चिमूटभर साखर घालून फोडी मऊ होईपर्यंत शिजवा. थंड झाल्यावर अर्धी वाटी व्हिनेगर घाला, अर्ध्या फोडी कुस्करा. चमच्यावरून ओघळेल इतका पातळ हवा. मेथी जपून, कारण एक चमच्याचे दोन झाले की कडवटपणा सगळ्यावर चढतो. फ्रिजमध्ये महिनाभर राहतो.

कबाब, शवर्मा (इराकात त्याला ‘गस’ म्हणतात), किंवा टोमॅटो-खिमा-अंड्याची ‘मखलमा’, सम्मूनच्या पोकळीत काहीही बसतं. भरण्याआधी आतला मऊ गर थोडा काढून घेणारे पुष्कळ जण आहेत. मला ते पटत नाही, रस्सा शोषायला तोच तर लागतो.

ठेवणं आणि शिळा पाव

सम्मून त्याच दिवशीचा. मेसोपोटेमियातल्या गिल्गमेशच्या महाकाव्यात नायक जागं राहण्याच्या परीक्षेला बसतो आणि लगेच झोपी जातो, तेव्हा महापुरातून वाचलेल्या उत्नपिश्तीमची बायको त्याच्या उशाशी रोज एक पाव भाजून ठेवते. जागा झाल्यावर तो झोप लागलीच नाही म्हणतो, तेव्हा वाळलेल्या, बुरसटलेल्या ते निखाऱ्यांवरच्या ताज्या अशा सात पावांवरून त्याला सात दिवसांचा हिशेब दाखवला जातो. पाव किती दिवसांचा आहे हे बघून ओळखता येतं, हे तिथल्या लोकांना तेव्हापासून पक्कं ठाऊक होतं.

उरले तर पूर्ण गार झाल्यावर, दोन तासांच्या आत, हवाबंद पिशवीत घालून थेट फ्रीजरमध्ये टाका. साध्या फ्रिजमध्ये मुळीच नको. तिथल्या थंडीत पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. खायच्या वेळी गोठलेलाच काढा, पाण्याचा हात फिरवा आणि १८० अंशांवर सहा-सात मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये तो पहिलं मिनिटभर मऊ राहतो आणि मग चामडं होतो.

आणि वाळलेच, तर तशरीब, म्हणजे रश्श्यात भिजवलेला पाव. एरवी त्यासाठी खुब्ज वापरतात, पण शिळा सम्मूनही तितकाच चालतो. हाडासकट मटण, कांदा, भिजवलेले काबुली चणे आणि एक-दोन वाळलेली लिंबं कुकरमध्ये शिजवा. हे वाळलेलं लिंबू इराकात ‘नूमी बसरा’ म्हणून मिळतं. नसेल तर शेवटी ताज्या लिंबाचा रस पिळा. खोलगट परातीत सम्मूनचे दोन बोटांएवढे तुकडे पसरा, त्यावर उकळता रस्सा ओता, पाच मिनिटं झाका. तुकडे भिजायला हवेत पण विरघळायला नकोत, म्हणून रस्सा एकदम न ओतता दोन वेळा घाला. वर मटण, चणे, कच्चा कांदा.